केंदाळाआधी काय आले?

पावसाळा सरला आणि पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांना बरगे बसू लागले की नदीचा स्वभाव बदलतो. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे ओळीने सात बंधारे. एकाच्या पाण्याची फुग जवळजवळ दुसऱ्याच्या पायथ्याला भिडते. दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचे आणि पुराआधी ते काढून नदी मोकळी सोडायची ही पद्धत कोल्हापूर संस्थानात घडली. पुढे ती ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून राज्यभर गेली. या जिल्ह्याच्या शेतीवर तिचे उपकार आहेत आणि ते कुणी नाकारू नयेत. पण पावसाळ्याचे महिने सोडले तर आज पंचगंगा ही वाहती नदी राहिलेली नाही, ती सात लांबट तळ्यांची माळ झाली आहे. त्या तळ्यांत कोल्हापूर शहराचे सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसर्सचे रंगीत पाणी, साखर कारखान्यांची मळी आणि उसाच्या रानांतून निथळलेले खत येऊन थांबते. उन्हाळा जवळ आला की इचलकरंजीपासून खाली शिरोळपर्यंत जागोजागी पाणी दिसेनासे होते. नवख्याला वाटावे, पलीकडचा काठ चालत गाठता येईल.

जलपर्णी हा पुस्तकातला शब्द, आपल्याकडे म्हणायचे केंदाळ. एक झाड उपटून हातात घेतले तर त्याच्या यशाचे सगळे कारण दिसते. देठ फुगीर आणि आतून हवेने भरलेले, म्हणून ते बुडत नाही. खाली काळपट मुळ्यांचा दाट झुपका. तो तळाच्या मातीत जात नाही, पाण्यातच लोंबतो आणि पाण्यातले नत्र-स्फुरद थेट ओढतो. बाजूने एक आडवी फांदी निघालेली असते आणि तिच्या टोकाला तयार पिल्लू. पाण्यात अन्न भरपूर असेल तर दोनेक आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. वर जांभळी फुले येतात, ती देखणी असतात. त्यांचे बी गाळात जाऊन बसते आणि पंधरा-वीस वर्षांनीही रुजू शकते. मूळ घर ॲमेझॉनचे खोरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचे रोप म्हणून ते बंगालमध्ये आले आणि तिथून देशभर पसरले.

दरवर्षी ठरलेला क्रम चालतो. तक्रारी होतात, आंदोलने होतात, यंत्रे येतात, ट्रॉल्या भरभरून केंदाळ काठावर टाकले जाते. त्यात जवळपास ९५ टक्के पाणी असते, त्यामुळे लांब नेणे परवडत नाही. काठावरच ते कुजते आणि त्यातले नत्र-स्फुरद पहिल्या वळवाबरोबर परत नदीत उतरते. मग जुलैत महापूर येतो आणि उरलेले कृष्णेत वाहून जाते. लोक म्हणतात, नदी धुऊन निघाली. पण गाळातले बी तिथेच असते, सांडपाणी आणणारे जयंती नाल्यासारखे नालेही तिथेच असतात, आणि बरगे बसले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाची कहाणी याहून वेगळी नाही. कडेच्या वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे तलावात मुरले. त्यामुळे कधी केंदाळाने तलाव झाकला, कधी पाणी शेवाळाने हिरवेगार होऊन त्याला दुर्गंधी सुटली. झाडे बदलली, कारण एकच राहिले.

मुळच्या जीवांवर याचा परिणाम कसा होतो? केंदाळाच्या छताखाली ऊन पोचत नाही. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती मरतात आणि त्यांनी दिवसा पाण्यात सोडलेला प्राणवायूही जातो. वारा पृष्ठभागाला भिडत नाही, त्यामुळे हवेतला प्राणवायू मिसळत नाही. वरून कुजणारा पालापाचोळा उरलासुरला प्राणवायू खातो. अशा पाण्यात मळीचा एक लोट आला की तेरवाड आणि शिरोळच्या बंधाऱ्यांवर मेलेल्या माशांचा खच पडतो. वर्तमानपत्रांत ते छायाचित्र इतक्यांदा येऊन गेले आहे की आता त्याने कुणी हलत नाही. मला मात्र ते पाहून दरवेळी राग येतो. कारण तिथे मरणारा मासा केंदाळाच्या आधीच कोंडीत सापडलेला असतो. महाशीरसारख्या माशाला खळाळते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, विणीसाठी वरच्या अंगाला जायची वाट लागते. बंधाऱ्यांनी ती वाट अडवली, सांडपाण्याने पाणी नासवले, आणि संथ, कोमट, गढूळ पाण्यात मजेत जगणारी आफ्रिकेची चिलापी जाळ्यात वाढू लागली. केंदाळ या रांगेत फार उशिरा आले.

इथेच या सगळ्या प्रश्नाची गाठ आहे. परकी वनस्पती येऊन मुळच्या जीवांना हुसकावते, की आपण आधी जागा बदलतो आणि बदललेल्या जागेत ती वनस्पती येऊन बसते? शास्त्रज्ञांत यावर बराच खल झाला आहे. २००५ मध्ये मॅकडूगल आणि टर्किंग्टन या संशोधकांनी कॅनडातल्या ओक वृक्षांच्या गवताळ प्रदेशात दाट माजलेली परकी गवते काढून पाहिली. मुळच्या दुर्मीळ वनस्पती मोकळ्या जागेत धावून येतील ही अपेक्षा बऱ्याच अंशी खोटी ठरली. तिथे मूळ बदल होता तो वणवे थांबवल्याचा, गवते त्या बदलाबरोबर आली होती. दुसऱ्या बाजूलाही भक्कम पुरावा आहे. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने (आयपीबीईएस) २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगात नोंदल्या गेलेल्या जीवजाती-नाशांपैकी ६० टक्क्यांत आक्रमक परक्या जीवांचा हात आहे आणि १६ टक्क्यांत ते एकमेव मोठे कारण आहे. त्याच मंचाच्या २०१९ च्या अहवालात जमिनीवरच्या जीवसृष्टीला सर्वांत मोठा धोका ठरला तो जमिनीचा बदललेला वापर. परक्या जीवांचा क्रमांक पहिल्या पाचांत शेवटचा होता. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि कोल्हापूर जिल्ह्यात ती कशी खरी ठरतात हे नदी, सडा (म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार) आणि रान या तीन जागी नीट पाहता येते.

त्याआधी एक खुलासा. बाहेरून आलेले म्हणून वाईट, असे कुणी धरू नये. तांबड्या रश्श्यातली मिरची, बटाटा, टोमॅटो, चंदगड-आजऱ्याचा काजू ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. ती शेतात, परसात राहिली, माणसाच्या हाताशिवाय त्यांनी रान काबीज केले नाही. चिंता त्या मोजक्या जातींची आहे ज्या पेरल्याशिवाय पसरतात, ज्यांना जनावर तोंड लावत नाही, आणि ज्या एकदा बसल्या की दुसऱ्याला उगवू देत नाहीत.

आता सड्याकडे येऊ. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार पावसाळ्यात पाहणारे हजारो आहेत. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती त्याच वाटेने जाते. धुके, गवत आणि रंगीत फुले सगळ्यांना दिसतात. पण खाली वाकून पाहिले तर कळते की फुले ज्यावर उभी आहेत ती माती जेमतेम बोटभर आहे, पुष्कळ ठिकाणी तीही नाही. जांभ्या दगडाच्या खळग्यांत साचलेली ओंजळभर काळी रेती, तिच्यावर पांढऱ्या गोंड्यांचा गेंद, त्याच्या पायाशी पाण्याच्या पापुद्र्यात निळसर सीतेची आसवे. सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती कीटक पकडून पचवतात, कारण या दगडात त्यांना नत्र मिळत नाही. चार महिने चिंब पाणी, आठ महिने तव्यासारखा तापलेला कातळ, अन्न जवळजवळ शून्य. एवढ्या उपासात जगायला शिकलेल्या वनस्पतींचीच ही वस्ती आहे. त्यातल्या कित्येक सह्याद्रीबाहेर कुठेही नाहीत.

म्हणून सड्याचे गरीबपण हेच त्याचे संरक्षण आहे. घाणेरी, रानमोडी, गाजर गवत या परक्या तणांना अखंड कातळावर पाय रोवता येत नाही, त्यांना माती हवी. ही माती आपण नेऊन देतो. वृक्षारोपणासाठी कातळात खड्डे खणून बाहेरची माती आणि शेणखत भरले जाते. रोप बहुधा उन्हाळ्यात मरते, मातीबरोबर आलेले बी मात्र उरते. रस्ता रुंद करताना कडेला मुरूम आणि भराव पडतो. गाड्या थेट पठारावर नेल्या जातात, चाकांच्या चाकोरीत चिखल साठतो. या जिल्ह्यात सड्यांवर सर्वांत मोठा घाव बॉक्साइटचा आहे. राधानगरीतले दुर्गमानवाडी, शाहूवाडीतली उदगिरी, चंदगडचे डोंगर, हे सगळे जांभ्याचे माथे, आणि बॉक्साइट या जांभ्यातच असते. खाण संपल्यावर खड्डा बुजवून वर माती पसरली जाते, झाडे लावली जातात, आणि कागदावर ती जमीन ‘पुनर्वसित’ होते. हिरवळ आली हे खरे. पण सडा तिथे परत आलेला नसतो, येऊ शकतही नाही. हजारो वर्षांत तयार झालेला कातळाचा पापुद्रा, त्यातले खळगे, पाण्याच्या झिरपण्याच्या वाटा हे काही मातीच्या थराने भरून निघत नाही. तिथे माळावरच्या कुठल्याही तणाला घर सापडते, गेंदाला सापडत नाही.

कोल्हापूरचे भाग्य असे की या वनस्पतींची नोंद काळजीपूर्वक झालेली आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले डॉ. श्रीरंग यादव आणि डॉ. एम. एम. सरदेसाई यांनी लिहिलेला जिल्ह्याचा वनस्पतिकोश २००२ मध्ये विद्यापीठाने प्रसिद्ध केला. कंदीलपुष्प, म्हणजे खरचुडीच्या वंशातल्या दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या उद्यानात जपल्या गेल्या, वाढवल्या गेल्या. २०२३ मध्ये विशाळगडावर या वंशातली एक नवी जात सापडली आणि तिला शिवरायांचे नाव मिळाले, ‘सेरोपेजिया शिवरायिना’. शतकानुशतके माणसांच्या वर्दळीत असलेल्या गडाच्या कड्यावर एक वनस्पती आजवर शास्त्राला अनोळखी राहते, ही केवढी मोठी गोष्ट! दाजीपूरच्या रानातली एक छोटी दिनचर पाल अशीच २००९ मध्ये नव्याने ओळखली गेली आणि ‘निमास्पिस कोल्हापुरेन्सिस’ या नावाने जिल्ह्याचे नाव जगाच्या यादीत गेले. आपल्या भागात काय आहे हे अजून पुरते मोजून झालेले नाही, आणि जागा मात्र बदलत चालल्या आहेत. कंदीलपुष्पाचा कंद कुंडीत जगवता येतो. त्याच्या नळीसारख्या फुलात शिरून परागण करणारी बारीक माशी आणि ती माशी जगते तो गवताळ उतार कुंडीत आणता येत नाही.

रानात गोष्ट उजेडाची आहे. राधानगरीचे अभयारण्य १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झाले, पुढे ते वाढून ३५१ चौरस किलोमीटर झाले आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत ते आहे. अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या दाट राईत दुपारीही अंधार असतो. त्या सावलीत रानमोडी दिसणार नाही. ती दिसते रस्त्याच्या कडेला, विजेच्या तारांखाली साफ केलेल्या पट्ट्यात, तोड झालेल्या मालकी रानात, धरणासाठी किंवा अभयारण्यासाठी उठून गेलेल्या वस्त्यांच्या पडीक शेतात. मुंबई-कोल्हापूरला पोट भरायला गेलेल्या कुटुंबांच्या डोंगरउतारावरच्या नाचणीच्या जमिनी पड पडल्या, त्यांच्यावर पहिला हक्क तिने सांगितला. तिचे बी केसाळ आणि हलके, वाऱ्यावर जाते. गुरे तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या कुरणात गवत खाल्ले जाते आणि ती उरते. हाताला कापले तर तिचा पाला चुरगळून लावायचा, रक्त थांबते, हे रानातल्या माणसाला ठाऊक असते. तिच्या उपयोगाची यादी इथे संपते.

एकदा बसली की ती नुसती बदलाबरोबर आलेली राहत नाही, पाहुणी आलेली घरधनीण होते. पुरुष-दीड पुरुष उंचीचे गचपण, खाली गवताची काडी नाही, जांभळा-अंजनीच्या रोपाला ऊन नाही. उन्हाळ्यात ती वाळून काडीकचरा होते, फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात पेटते, आणि पूर्वी गवतातून जमिनीलगत सरकणारी आग आता झाडांच्या फांद्यांपर्यंत चढते. कोवळी झाडे मरतात. रानमोडी बुंध्यातून पुन्हा फुटते. जळालेल्या जागी उजेड आणखी वाढतो आणि तिला आणखी जागा मिळते. घाणेरीचेही असेच, फक्त तिची फळे बुलबुलांसारखे पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. देशाच्या व्याघ्रक्षेत्रातला ४० टक्क्यांहून अधिक भाग घाणेरीच्या कवेत असल्याचा अंदाज २०२० च्या एका अभ्यासाने मांडला. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापासून राधानगरीमार्गे तिलारीकडे जाणारी वाघाची वाट आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा हा आकडा परका समजून चालणार नाही.

गव्याचा विचार केला की हे अधिक टोचते. गवा मुख्यतः गवतावर आणि कोवळ्या पाल्यावर जगतो. सावराई सड्यासारख्या उघड्या जागा त्याच्या कुरणाच्या आहेत. कुरण गचपणाखाली गेले की तो शिवारात उतरतो, आणि आपल्याकडे शिवार म्हणजे ऊस. ऊस त्याला बाराही महिने आडोसा देतो आणि शेजारच्या पिकात चाराही. गवे गावात आल्याच्या बातम्यांना केवळ तणे कारणीभूत आहेत असे मी म्हणणार नाही. उसाचे क्षेत्र वाढत जंगलाला भिडले, पाणवठे बदलले, रस्ते झाले. पण रानात चारा किती उरला हा प्रश्न न विचारता गव्यांना ‘हुसकावण्याची’ मागणी करणे हा अन्याय आहे. शेतकऱ्यावरही, कारण गवा परत येणारच.

काही परके आपणच सन्मानाने आणले. ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ, आणि गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात. उघडे डोंगर लवकर हिरवे दिसावेत म्हणून वर्षानुवर्षे यांची लागवड झाली. ऑस्ट्रेलियन बाभळीचा जाड पाला लवकर कुजत नाही, त्याच्या थराखाली गवत दबते. उंदीरमारीच्या दाट राईत पक्ष्याला घरटे करावेसे वाटेल असे फार थोडे असते. यामागची तळमळ खोटी नव्हती, पण माळाला ‘पडीक’ म्हणायची सवय तिच्यामागे होती. कोल्हापूरच्या माळांवर संस्थानकाळात पाळीव चित्ते काळविटांवर सोडले जात. त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले जात, एवढी काळविटे तिथे होती. शिकारीचे कौतुक नको, पण त्यातून माळाची श्रीमंती कळते. आज ते माळ औद्योगिक वसाहती, प्लॉट आणि लिफ्ट इरिगेशनच्या उसाखाली आहेत. काळवीट कुठल्याही तणाने घालवले नाही. राज्यात २०१६ पासून चार वर्षे कोट्यवधी झाडे लावण्याच्या मोहिमा झाल्या, २०१९ चे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. गवत लावण्याची, गवत राखण्याची एवढी मोठी मोहीम मी ऐकलेली नाही.

गाजर गवताबद्दल थोडेच पुरे. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम डोळ्यांत भरले आणि आज बांधापासून रिकाम्या प्लॉटपर्यंत सगळीकडे आहे. त्याच्यावर १९८४ मध्ये बेंगळुरूत सोडलेला मेक्सिकन भुंगेरा महाराष्ट्रातही पसरला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, पाऊस ओसरला की मातीत जातो आणि गवत पुन्हा डोके काढते. केंदाळावरचे सोंडेकिडेही त्याच दशकात आले. बारमाही, स्थिर तळ्यांत त्यांनी चांगले काम केले. पंचगंगेत दरवर्षी पूर केंदाळ धुऊन नेतो, त्याबरोबर किड्यांची वसाहतही जाणार, आणि पाण्यात इतके खत असताना झाड किड्यापेक्षा वेगाने वाढणार. ज्या नदीचे पाणी गावे पितात तिच्यावर तणनाशक फवारणे हा मार्ग मला मुळीच मान्य नाही.

केंदाळापासून राख्या, पिशव्या, कागद, खत करावे असे सुचवले जाते. बचतगटांच्या कष्टाबद्दल आदर ठेवूनही एक धोका सांगायला हवा. तणावर रोजगार उभा राहिला की तण संपू नये अशी गरज तयार होते. नदीत येणाऱ्या प्रत्येक नाल्यावर प्रक्रिया, साखर हंगामात मळीवर नजर, उसाला ठिबक आणि माती तपासून खत ही कामे कंटाळवाणी आहेत, त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत. पण केंदाळाचे अन्न तोडणारी कामे हीच. यंत्राने काढलेले केंदाळ पूररेषेच्या वर नेऊन कुजवले तरी पुष्कळ फरक पडेल.

रानमोडीसाठी वेळ महत्त्वाची. तिला फुलोरा येतो दिवाळीनंतर. सप्टेंबर-ऑक्टोबरात जमीन ओली असताना ती मुळासकट उपटून निघते, फुलण्याआधी निघाली तर बी पडत नाही. एकदा उपटून भागत नाही, त्याच तुकड्यावर लागोपाठ तीन-चार वर्षे परत जावे लागते. घाणेरी जमिनीलगत तोडली तर दुप्पट फुटते. मुळाचा गड्डा मातीखाली कापून उलटा टाकण्याची पद्धत प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली आणि कॉर्बेटमध्ये ती वापरली गेली. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक गवताचे बी टाकले नाही तर दुसरे तण येते. हे सगळे अख्ख्या अभयारण्यात करणे अशक्य, म्हणून निवड करावी लागते. गव्यांच्या कुरणांपासून सुरुवात करावी आणि दाट राईत मुळीच हात घालू नये. तिथे सावली आपले काम करतेच आहे, फक्त तिच्यातून नवा रस्ता पाडू नये.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सह्याद्रीतल्या संवर्धन राखीव क्षेत्रांना मंजुरी दिली, त्यांत चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळगड आणि विशाळगड ही पाच आपल्या जिल्ह्यातली. मसाई पठारालाही पुढे हाच दर्जा मिळाला. या प्रत्येक क्षेत्राच्या आराखड्यात सड्यांचा वेगळा नकाशा असावा. त्या नकाशातल्या कातळावर खड्डा, भराव, वृक्षारोपण आणि वाहन यांना बंदी असावी. रानमोडीचे पट्टे दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी मोजले जावेत, आणि मोजणीला त्या त्या गावची पोरे आणि धनगरवाड्यातली जाणती माणसे रोजावर घेतली जावीत. कुठला उतार कोणत्या वर्षी पड पडला आणि त्याआधी तिथे काय उगवत होते, हे त्यांना तोंडपाठ असते.